वहीची रेघ, मशीनची रेघ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे साखर मोजणं. सकाळी तिनं बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब लावला, मशीनकडं बघितलं अन म्हणाली, "एकशे अडतीस. लिहा." मी लिहिलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मशीनवरचे आकडे दिसत न्हाईत. तिला लिहिता येत नव्हतं, पण आकडे वाचायची. म्हणून ती सांगणार, मी जाड पेनानं वहीत उतरवणार. त्याच दुपारी तिला चक्कर आली, ती पुन्हा उठली न्हाई.

मी नांदेडच्या डॉक्टरलाच दोषी धरलं. दर महिन्याला वही बघून "छान आहे" म्हणायचा. रक्ताची मोठी तपासणी करा म्हणाला की मीच म्हणायचो, वही चांगली हाय, कशाला उगाच. ती गेल्यावर त्याच्या दवाखान्यात, बसलेल्या पेशंटांसमोर ओरडलो, साखर ताब्यात असताना तुझ्या गोळ्यांनीच माझी बायको मारली.

नात लातूरला कॉम्प्युटरचं शिकती. सुट्टीत माझ्याकडं भोकरला आली तेव्हा वही तिच्यापुढं टाकली. म्हणालो, असं चित्र काढ की साखर बरी होती हे कुणालाही दिसावं. तिनं सगळे आकडे लॅपटॉपात घातले, खाली चार ओळींचा कोड लिहिला. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लागले, अन प्रत्येक आकड्याला रेघ एकेक पायरी वर चढली. कुठल्याही आकड्यावर बोट ठेवायचं अन रेघ किती चढली ते बघायचं. शंभरातल्या किती वेळा साखर तेवढी किंवा त्याच्या खाली होती, ते कळतं. एकशे साठच्या आतच रेघ पार माथ्याला भिडली. मी खूश झालो.

नात रेघेवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आबा, ह्याच्यात चार-पाचच पायऱ्या हायत, त्याबी लई उंच. तेच तेच आकडे परत परत आलेत, म्हणून. साखर अशी नसती."

माझ्या हातचं लिहिलेलं हाय, असं म्हणून मी खेकसलो. तिनं मशीन मागितलं. त्याच्यात जुने आकडे राहतात हे मला कुठं ठाऊक. एक एक बटण दाबून तिनं ते उतरवले अन त्याच कोडानं दुसरी रेघ काढली. ही रेघ बारीक पायऱ्यांनी उजवीकडं लांबच लांब गेली होती. दोनशेवर बोट ठेवलं तर निम्मीबी चढलेली नव्हती.

"म्हणजे काय गं?"

"निम्म्याहून जास्त वेळा आजीची साखर दोनशेच्या वर होती."

दोनशेच्या वर गेली तर इन्सुलिनची सुई, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मुरुडच्या तिच्या बहिणीला सुई लागली अन पुढं पाय कापला. सुईनंच पाय गेला, हे हिच्या डोक्यात पक्कं.

भ्याली, ते समजतं. पण मला दिसत न्हाई हे तिला माहीत होतं, अन त्याचाच तिनं फायदा घेतला. रोज सकाळी शेजारी मांडी घालून बसायची अन माझ्याच हातानं खोटं लिहून घ्यायची. आमच्यात लपवाछपवी न्हाई, असं मी चारचौघांत सांगायचो, तेव्हा हीच शेजारी बसून मान हलवायची. मला सांगितलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, धरून दवाखान्यात नेलं असतं. तेच तिला नको होतं. कळलं तरी राग जात न्हाई.

नातीला माझं तोंड बघवेना. म्हणाली, "दुसरी रेघ काढून टाकू का, आबा? वहीचीच ठेवते."

"न्हाई. दोन्ही छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं नांदेडला गेलो. दवाखान्यात बाकं भरलेली होती. डॉक्टर बाहेर आला तसा सगळ्यांसमोर उठलो, कागद त्याच्या हातात दिला अन म्हणालो, "माझं चुकलं. वही खोटी होती."

त्यानं दोन्ही रेघा बघितल्या, मग विचारलं, आकडे कोण सांगायचं?

"बायको," मी म्हणालो. एवढा एक शब्द काढायला मला लई वेळ लागला.