क्यानडाच्या टायमावरचा कॉम्प्युटर

आमच्या अहमदपुरात कॉम्प्युटर पुष्कळांकडे आहेत, पण कॉम्प्युटरला शिस्त लावायला निघालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आमच्या शेजारचे भूगोलाचे सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, घरच्या बाई वारल्या, एकुलती एक पोरगी क्यानडाला. वर्ग म्हणून उरलाय तो टेबलावरचा हा जुना कॉम्प्युटर. निरोप समारंभात मिळालेली शाल त्याच्या शेजारी घडी करून ठेवलेली असते. वेबसाइट उघडली नाही की सर आधी त्याला समजावतात, मग डोळे वटारतात, आणि तरी ऐकलं नाही तर शाल टाकतात त्याच्या डोक्यावर. "बस अंधारात. डोकं ठिकाणावर आलं की बोल." गंमत म्हणजे दोन-चार वेळा या उपायानं साइट उघडलीसुद्धा आहे, त्यामुळे सरांना काही सांगायची सोयच राहिलेली नाही.

शिक्षा फुकट गेली की भिंतीपलीकडून मला हाक येते. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर बिलं टाईप करतो. एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला इंजिनिअर करून टाकलंय. "अवो, या जरा, साइट उघडून नाही राहिली!" जावं, तर वायर निसटलेली. जावं, तर धूळ बसू नये म्हणून सरांनी राउटर फडक्यात गच्च गुंडाळलेला. एकदा तर या माणसानं साइटच्या पत्त्यापुढं तालुका, जिल्हा आणि पिनकोडही टाकला होता. "पत्ता अर्धा दिला तर पोचंल कसं?"

बरं, चांगला मोबाईल घ्या म्हणावं तर तेही नाही. "मोठ्या पडद्यावर पोरगी पोरीएवढी दिसती. खिशात घालायला ती काय तंबाखूची डबी हाय?" दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडची सकाळ झाली की, एका साइटवरून तिचा व्हिडिओ कॉल यायचा. सर त्यासाठी दाढी करून, वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी अशा थाटात बसायचे. स्वतःहून मात्र कधी लावायचे नाहीत. "लेकरू कामात असतंय. बापानं मधी घुसू नाही."

यंदाच्या उन्हाळ्यात ते कॉल बंद झाले. सर गल्लीभर सांगत फिरले, "पोरगी लावत असंल हो, माझीच साइट उघडत न्हाई." एरवी वायर हलली तरी मला हाक मारणारा माणूस, या वेळी मात्र गप्प. शेवटी एका रविवारी मीच घुसलो. केबल पाहिली, राउटर बंद-चालू केला, ब्राउझरमधला जुना कचरा काढला. कोणतीही साइट उघडा, तीच तांबडी पाटी: कनेक्शन सुरक्षित नाही. डोकं खाजवून थकलो तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली. अहमदपुरात संध्याकाळ, कॉम्प्युटरवर सकाळ. आणि साल मागचं!

"सर, हे काय?"

"क्यानडाचा टाइम लावलाय मी. ती उठली का, ऑफिसला गेली का, नुसतं बघितलं की कळतंय."

रेखांशांची गणितं पोरांकडून छडी उगारून करून घेणारे हे सर, आणि त्यांनी तास मागं नेता नेता वर्षच मागं नेलं होतं! तारीख जुळेना म्हणून साइट बिचाऱ्या दार लावून बसल्या होत्या. मी पोट धरून हसलो. सरही हसले. तारीख सुधारली, क्यानडासाठी शेजारी वेगळं घड्याळ लावून दिलं, आणि सगळं फटाफट उघडलं.

पोरीचं नाव वर आलं. नावापाशी हिरवा ठिपका, म्हणजे ती त्या घडीला तिथंच होती. आणि राहून गेलेले कॉल जिथं दिसतात, तिथं काही म्हणजे काहीच नव्हतं. तिनं लावलाच नव्हता.

"हा हिरवा ठिपका म्हंजे?" सरांनी विचारलं.

"साइट चालू हाय म्हणून दाखवतंय, सर."

"हाव का." सरांनी कॉलर नीट केली आणि पडद्यासमोर बसले. चहा झाला, बाहेर दिवे लागले. ठिपका हिरवाच होता. घंटी काही वाजली नाही.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून हाक आली. "अवो, साइट उघडून नाही राहिली!" गेलो तर सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पडद्यावर तीच तांबडी पाटी. मी लावलेलं क्यानडाचं घड्याळ जागेवर होतं, पण साल पुन्हा मागचं. या खेपेला सरांचा हात चुकलेला नव्हता, साल मुद्दाम मागं नेलेलं होतं. मी माउस धरला, तर माझ्याकडे न बघता सर म्हणाले, "किचकट काम दिसतंय. घाई करू नका."

मी माउस सोडला. "लई किचकट हाय, सर. दर रविवारी यावं लागंल."

सरांनी शाल उचलून हळूच कॉम्प्युटरवर पांघरली, आणि चहा ठेवायला आत गेले.