सुमनचं कोरं कापड

फोन आला तेव्हा मी व्हायोलिनच्या तारा जुळवत होते. पलीकडून अन्वर म्हणाला, "सुमनताई गेली गं." मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. आदल्या संध्याकाळी तर तिनं मला दम दिला होता, की मैफलीला जरा बरी साडी नेसून ये... कित्येक महिने उलटले, डोकं अजून सुन्नच आहे.

सुमन नेरळच्या शाळेत चित्रकला शिकवायची. अन्वरचं खालापूरला हार्डवेअरचं दुकान, पण जीव बासरीत. पळसदरीच्या समाजमंदिरात सतरंज्या घालून आमची छोटीशी मैफल व्हायची. सुमन लांबलचक कापडावर चित्र काढायची, अन्वर त्यावर नवी चाल बांधायचा. सुमनचा भाऊ गुंडाळी हळूहळू उलगडायचा आणि आम्ही चित्राकडे बघत वाजवायचो. नियम एकच, सुमनचा. जिथं कापड कोरं, तिथं आपण गप्प. एकदा अन्वरला मोह आवरला नाही, त्यानं कोऱ्या जागेत एक तान घेतली. भर मैफलीत सुमन म्हणाली, "चित्र मी काढलंय रं, तू नाय." सगळे हसले, अन्वरही.

तेरावं झाल्यावर तिच्या भावानं शेवटचं कापड आणलं. निम्म्यापर्यंत धरण, काठावरच्या म्हशी, तिचा लाडका निळा रंग. मग एकदम कोरं. त्यापुढं उलगडायचा धीर कुणालाच झाला नाही. ही जागा तिनं सोडली होती, की रंगवायची राहिली होती? राहिली असेल तर ती आम्हीच भरायला हवी होती. सोडली असेल तर भरणं म्हणजे तिचा शब्द मोडणं. विचारायचं कुणाला?

अन्वर चिडूनच बोलला. "सोडलं नसंल तिनं. टाइमच नाय मिळाला तिला. मी वाजवणार." मीही हो म्हटलं. इतकी मोठी शांतता मला सोसली नसती.

मैफलीत म्हशी संपल्या, कोरं सुरू झालं. अन्वरनं बासरी ओठांना लावली, पण फुंकरच निघेना. माझा गज हवेतच राहिला. भाऊ उलगडत होता, कापड संपत नव्हतं... समाजमंदिरात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी गुंडाळी संपली आणि भावाचा हात थांबला. कोपऱ्यात सुमनची सही होती. चित्र पुरं झाल्याशिवाय ती कधीच सही करत नसे.

अन्वरनं बासरी खाली ठेवली. मला तेव्हा कुठं रडू फुटलं.

ते कापड आता समाजमंदिराच्या भिंतीवर आहे. मी अधूनमधून जाऊन त्या कोऱ्या भागासमोर बसते. तिला विचारायचं खूप असतं. पण तिथं गप्पच बसावं लागतं.