निशिकांत बर्गनचा होतो तेव्हा

आमच्या निशिकांतचं घर सिंगापूरच्या यिशुन वस्तीत, नोकरी तिथल्याच चांगी बिझनेस पार्कात आणि जीव पुण्यात. बारा वर्षं या शहरात काढली, पण इथलं बंदर पाहिलं ते विमानाच्या खिडकीतून. असा हा गृहस्थ गेल्या महिन्यात एकाएकी बर्गनचा झाला. कंपनीचं मुख्य ऑफिस नॉर्वेतल्या त्या जुन्या बंदरात. तिथे एकाला कायमचं पाठवायचं होतं आणि निवड करायला साहेब स्वतः येणार होते.

निशिकांतने स्कॉलरशिपच्या परीक्षेसारखं पाठांतर केलं. लिफ्टमध्ये गाठून सांगायचा: धक्क्यावरची लाकडी घरं, कितीदा जळली, तरी पुन्हा तशीच बांधली, जर्मन व्यापारी, सुकवलेल्या कॉड माशाचा व्यापार, भोवतीचे सात डोंगर, सततचा पाऊस. हा पक्का शाकाहारी, पण त्या माशाचं नाव घेताना गहिवरायचा. "आणि तिथले लोक म्हणतात, आम्ही नॉर्वेचे नाही, बर्गनचे! अरे, ही तर आपलीच माणसं!" मला अगदी वीट आला होता.

ओलाव नावाचे ते साहेब एकदाचे घरी जेवायला आले. शुभदावहिनींनी पुरणपोळ्या केल्या आणि टेबल भरलेलं दिसावं म्हणून शेजारच्या मलाही बसवलं. निशिकांतने साध्या वरणापासून बर्गनला हात घातला तो थेट तिथल्या आगींपर्यंत नेला. ओलावनी सगळं सौजन्याने ऐकून घेतलं.

"माझं गाव मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या या बंदराचं सांगा की."

निशिकांतने पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. "इथे एमआरटी मेट्रो वेळेवर येते. बाकी आम्ही मूळचे पुण्याचे."

"आणि तू कुठली?" ओलावनी निशिकांतच्या दहा वर्षांच्या मुलीला, विभाला विचारलं.

"यिशुन."

"विभा, पुणे म्हणायचं!"

"पुणे इज युअर प्लेस, बाबा. मी सिंगापूरची पण नाही. ओन्ली यिशुन, लाह," विभा अस्सल सिंगापुरी हेलात म्हणाली.

ओलाव टेबलावर थाप मारून हसले. "ही खरी बर्गनची!"

नंतर बर्गनला निशिकांतच्या ऑफिसातली नीलिमा गेली. "मुलीला तिच्या गावातून कशाला उपटता?" असं म्हणून ओलावनी त्याची समजूत घातली होती.

मी विषय काढला तेव्हा निशिकांत गॅलरीतून खाली खेळणाऱ्या विभाकडे बघत होता. मला त्याची पहिल्यांदाच दया आली.

"बर्गनचं काही नाही रे," तो म्हणाला. "पण काल शुभदालाही विचारलं, तू कुठली म्हणून. तीसुद्धा यिशुन म्हणाली."