आईच्या नावावरचा नकार

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या द्विजेनदांना तर नाहीच. एका माणसाला ती कळली — पण माझ्या तोंडून नाही. तेही सांगते, पण माझ्या क्रमाने सांगू द्या. घाई केली तर मी पुन्हा काहीतरी रचून मोकळी होईन. रचणं मला फार चांगलं जमतं, हाच तर सगळा घोटाळा आहे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात नाटक शिकवते. माझं माहेर अकोल्याचं. आई आरोग्य खात्यात नर्सबाई होती, तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांमध्ये तिने उभं आयुष्य बायांची बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्यावर अकोल्याला येऊन राहिली. घरात अस्सल वऱ्हाडी. पण मला नाटकाचं वेड लागलं, स्पर्धांसाठी पुण्याला जाणं-येणं सुरू झालं, आणि तिथे 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की लोक गालातल्या गालात हसायचे. मग मी आरशासमोर उभी राहून जीभ घासून घासून स्वच्छ केली. इतकी की पुढे एक परीक्षक म्हणाले, तुम्ही तिकडच्या वाटतच नाही. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते. सांगायला लाज वाटते, पण होते.

आता द्विजेनदा. आसामचे. ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या एका छोट्या गावातले. तिकडे गावोगाव तंबू ठोकत फिरणाऱ्या नाटकमंडळ्या असतात, त्यात त्यांनी पडदे ओढण्यापासून सुरुवात केली, मग नाटकं लिहिली, मग बसवली. आम्ही रंगमंचावर आख्खा पूर आणायचो, असं ते डोळे मोठे करून सांगायचे. मग एक दिवस त्यांना तो खोटा पूर नकोसा झाला आणि ते सिनेमाकडे वळले. छोटे, शांत सिनेमे. मध्ये मध्ये कथा लिहायच्या, पुन्हा नाटक करायचं. एका जागी टिकून न राहिल्यामुळे तिन्हीकडच्या लोकांनी त्यांना बरीच वर्षं आपलं मानलं नाही. ते आमच्याकडे अमरावतीला कार्यशाळा घ्यायला आले तेव्हा नाव होतं, पण फार मोठं नव्हतं.

कार्यशाळेत मी त्यांची सहायक होते. त्यांचं हिंदी मी पोरांना मराठीत सांगायची, मधल्या वेळात स्वतः करून दाखवायची. खरं सांगू? मी सगळं त्यांच्यासाठीच करत होते. त्यांच्या डोक्यात एक सिनेमा आहे हे मला ठाऊक होतं — एक वऱ्हाडातली आई, तिचा मुलगा आसामात रेल्वेत नोकरीला, तो हरवतो, आणि ही बाई त्याला शोधायला इतक्या लांब एकटी जाते. तिची भाषा तिथे कोणाला कळत नाही. त्या सिनेमात त्या मुलाच्या बायकोचं एक काम होतं. ते माझं, असं मी मनाशी धरून बसले होते. त्यांनी तसं कधी सुचवलंही नव्हतं. ते माझं काम बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, अच्छा है, बहुत साफ है. साफ! मला ते कौतुकच वाटलं होतं.

एका रविवारी मी त्यांना अकोल्याला आईकडे जेवायला घेऊन गेले. आईने रोडगे केले होते, वांग्याची भाजी, वरण. ते मांडी घालून बसले, आणि आई वाढता वाढता सुरू झाली. तिला कोणी ऐकणारा भेटला की पुरे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केलेल्या एका बाळंतपणाची गोष्ट. सासू कशी बोंबलत होती, नवरा कसा चक्कर येऊन पडला आणि बाळंतीण बाजूलाच राहिली, यालाच पाणी मारावं लागलं — सगळं आई करून दाखवत होती. सासू व्हायची, नवरा व्हायची, मग एकदम हलक्या आवाजात ती पोर व्हायची, आणि हातातली तुपाची वाटी कुठे सांडायची नाही. मी हिंदीत सांगायला लागले तर द्विजेनदांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना एक शब्द कळत नव्हता. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एवढे दिवस मी त्यांच्यासमोर घाम गाळत होते, आणि माझ्याकडे त्यांनी एकदा तरी असं बघितलं होतं का?

आईला नाटकाची हौस होतीच. लग्नाआधी जयंतीच्या कार्यक्रमात ती वस्तीत गाणी म्हणायची, लोक लांबून ऐकायला यायचे. लग्नानंतर बाबांना ते आवडलं नाही आणि ते सुटलं. माझ्या तालमी चालायच्या तेव्हा ती चेष्टेत म्हणायची, "मले बी घेत जा वं तुया नाटकात. झाडू माराचं काम देजो पाहिजे तं." मी हसण्यावारी न्यायची. ती चेष्टा नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

कार्यशाळा संपली, द्विजेनदा गेले. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात होते. ते म्हणाले, सिनेमा ठरलाय, आणि मला एक विचारायचंय. 'हो दा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं — शप्पथ. आणि ते म्हणाले, तुझी आई. त्या बाईचं काम तुझी आई करेल का? मला दुसरं कोणी दिसतच नाही. पण मी स्वतः विचारलं तर त्यांना संकोच होईल, नाही म्हणता येणार नाही. तू विचार, त्यांच्या भाषेत विचार, आणि त्या जे म्हणतील ते मला सांग.

किती भला माणूस बघा. त्याच्या भलेपणामुळेच मला सोपं गेलं.

मी आईला विचारलंच नाही. अकोल्याला गेले, जेवले, झोपले, परत आले. विषयच काढला नाही. आणि मग द्विजेनदांना फोन करून सांगितलं, आई नाही म्हणाली. मग त्यांनी हळूच विचारलं, का? आता 'का'चं उत्तर मी ठरवून ठेवलं नव्हतं. पण मी नटी ना! शब्द आपोआप आले. मी म्हटलं, आई म्हणते, दुसऱ्याचं दुखणं जवळून पाहिलेला माणूस ते मांडून दाखवत नाही. त्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांग.

तोही मी सांगितला नाही.

कशासाठी केलं मी हे? मी स्वतःला नाना कारणं देऊन पाहिली आहेत. आईचं वय, गुडघे, तो लांबचा प्रवास. सगळी थापेबाजी. मला जळजळ झाली होती, बस. जी बोली मी घासून काढली तीच त्यांना हवी होती, आणि ती नाटकाचं काहीही न शिकलेल्या, फोडणी देता देता बोलणाऱ्या माझ्या आईकडे होती. माझ्या सख्ख्या आईचा मी दुस्वास केला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

पुढे तो सिनेमा झाला. कसा झाला ऐका. द्विजेनदांनी त्या कामासाठी दुसरी कोणी बाई घेतलीच नाही. त्यांनी गोष्टच फिरवली — सिनेमाभर आई दिसतच नाही. त्या मुलाचे आसामी सोबती तिची वाट बघतात, तिच्यासाठी खोली झाडून ठेवतात, स्टेशनवर माणूस पाठवतात, आणि शेवटी दाराशी फक्त तिच्या चपला दिसतात. त्या सिनेमाने त्यांचं नाव कुठल्या कुठे नेलं. लोकांनी त्या न दिसणाऱ्या आईवर लेखच्या लेख लिहिले. ते स्वतःही बदलले. कोणाचं दुःख कॅमेऱ्यासमोर मांडायचं नाही, असा त्यांनी नेमच केला. नंतरच्या नाटकांतही मरण, रडणं, सगळं पडद्याआड. आणि म्हातारपणी त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात अकोल्याच्या एका नर्सबाईच्या नकारावर आख्खं प्रकरण आहे. मी रचलेलं ते वाक्य तिथे आईच्या नावावर छापलंय. नाट्यशिबिरांत लोक ते फळ्यावर लिहितात. माझ्याच कॉलेजात एका मुलीने ते मला म्हणून दाखवलं होतं, आणि मी तिला 'छान' म्हणाले.

अमरावतीला तो सिनेमा दाखवला तेव्हा आई हट्टाने आली होती. ती अधूनमधून विचारायची, "ते आसामचे भाऊ काऊन फोन नाही करत वं?" त्यांचा सिनेमा म्हटल्यावर नवी साडी नेसून आली. संपल्यावर बाहेर लोक भारावून उभे होते. आई ऑटोत जाऊन बसली. मग म्हणाली, "काय बाप्पा, पिक्चरभर त्या मायची वाट पायली म्या. एवढं सारं दाखवलं त्यायनं, माय दाखवाले काय झालं होतं?" मी म्हटलं, आई, ती त्यांची शैली आहे. शैली! ती म्हणाली, "असंन." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या दिवशी सांगता आलं असतं. ऑटो होती, आम्ही दोघीच होतो, बडनेरा स्टेशनपर्यंतचा रस्ता होता. मी नाही सांगितलं.

आता हल्लीचं. द्विजेनदांचा अमरावतीत सत्कार झाला. काठी घेऊन चालतात आता. सत्कार आटोपल्यावर त्यांनी हट्टच धरला, अकोल्याला जायचं, माँना भेटायचं. मी आई आजारी आहे म्हणाले, घर आवरलेलं नाही म्हणाले. ते म्हणाले, मग तर गेलंच पाहिजे. गाडीत ते बोलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

आई पलंगावर बसलेली. ओळखलं तिने त्यांना लगेच, तोंडभर हसली. त्यांनी खांद्यावरचा आसामी गमछा काढून तिच्या खांद्यावर घातला, वाकून पाया पडले आणि हात जोडून म्हणाले, "माँ, उस दिन आपने मेरी फिल्म के लिए मना किया था. उसी 'ना' ने मुझे सब सिखाया." आणि मग ते वाक्य — दुसऱ्याचं दुखणं पाहिलेला माणूस — त्यांनी हळूहळू, चुकतमाकत मराठीत म्हटलं. पाठ करून आले होते.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आईने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही. पण तिला सगळं कळलं — नवऱ्याच्या चेहऱ्यावरून बाईला काय झालंय ते ओळखणारी बाई ती, तिला लेकीचा चेहरा वाचायला किती वेळ लागणार? मी डोळे मिटून घेतले. आता ती बोलेल, म्हटलं. आणि खरं तर सुटले, असं वाटलं.

आई म्हणाली, "हाव भैया. तब मेरेकू नई जमा." मग गमछ्यावरून हात फिरवत मराठीत म्हणाली, "आपन बाया-मानसाइचं दुखनं कशाले दाखवा लोकाइले? पायलं, तिथीच ठेवलं." जणू ते वाक्य तिने इतकी वर्षं जपलं होतं. आवाज जरासुद्धा हलला नाही. द्विजेनदा चष्मा काढून डोळे पुसत होते. ज्या बाईचा अभिनय त्यांना हवा होता तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर चालला होता, आणि त्यांना ते कळलं नाही.

ते गेले. मी गाडीपर्यंत पोचवून आत आले. आई तशीच बसली होती, गमछा खांद्यावर. मला वाटलं, रागावेल. ती नुसतं म्हणाली, "काम काय होतं वं मायं, त्या पिक्चरात?"

मी खाली फरशीवर बसले आणि सांगितलं. ती आई, तिचा मुलगा, आसामपर्यंतची गाडी, सगळं. द्विजेनदांनी फिरवण्याआधीच्या गोष्टीत शेवटी ती बाई मुलाच्या खोलीच्या दारात येऊन थांबते तिथपर्यंत. आई एकाग्र होऊन ऐकत होती, तालमीत नवी पोरं ऐकतात तशी.

"मंग?" ती म्हणाली. "दारात काय बोलते ते?"

मी म्हटलं, ती विचारते, माझा मुलगा इथेच राहतो का.

आईने गमछा नीट केला. समोरच्या भिंतीकडे, जणू तिथे दार आहे असं बघितलं. "माया पोरगा इथीच रायते का?" मग मान हलवून म्हणाली, "नाही, असं नाही." आणि पुन्हा म्हणाली. या वेळी हळू. उत्तर काय येणार हे ठाऊक असलेल्या बाईसारखं, आणि तरी विचारावंच लागतं तसं.

इतकी वर्षं मी नाटक शिकवतेय, असं मी पाहिलेलं नाही. आणि ते बघायला खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कोणी असू नये, हे मीच ठरवलं होतं.