मायनस सात

समुद्राकाठच्या त्या देवाच्या गावात एकट्या माणसाला खोली मिळत नाही, हे काकांना तिसऱ्या लॉजच्या पायरीवर कळलं. पहिल्या ठिकाणी जागा नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या मॅनेजरने पेपरातून मान वर न काढता "फॅमिली कुठाय?" एवढंच विचारलं. तिसरं लॉज मात्र त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पोलिसांच्या कागदावर त्याचंच नाव होतं. दोन मजली, पिवळं, गॅलरीभर वाळत घातलेल्या चादरी.

काउंटरमागे पंचेचाळिशीची एक बाई उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती.

"एकटेच आलात?"

"एकटाच."

"मग अवघड आहे, काका. मालकांनी एकट्याला द्यायचं बंद केलंय."

"का हो? देवाला जोडीनेच यायचं असतं का?"

"देवाचं काही नाही. तो दारात उभा राहून माणसं मोजत नाही, मालक मोजतात." ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी एक मुलगा उतरला होता एकटा. बुडाला. तेव्हापासून."

काकांनी बॅग खाली ठेवली.

"तो माझा," ते म्हणाले.

बाईच्या हातातला अभ्रा अर्धवट दुमडलेला तसाच राहिला. तिने खिळ्यावरची एक किल्ली काढली आणि जिना चढू लागली.

काका व्यवसायाने चष्मेवाले. चौतीस वर्षं त्यांचा दिवस एका चिंचोळ्या दुकानात उगवायचा आणि तिथेच मावळायचा. एका भिंतीवर फ्रेमा, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मध्ये त्यांचं गोल स्टूल. नव्या चष्म्याचं गिऱ्हाईक आरशात बघायला लागलं की ते म्हणायचे, "आरसा सोडा, आधी घरी जाऊन बायकोकडे बघा. बरी दिसली तर नंबर बरोबर. फारच बरी दिसली तर परत या, पुन्हा तपासू." गल्लीत सगळे त्यांना नंबरवाले काका म्हणत.

दुसऱ्यांचे नंबर काढता काढता स्वतःच्या एकुलत्या एका मुलाचा नंबर वाढताना त्यांना बघावा लागला. पाचव्या वर्षी मायनस दोन, दहाव्या वर्षी चार, विशीत सात. त्याच्या काचा ते दुसऱ्या कुणाला घासू देत नसत. इतक्या जाड काचेची कड पातळ करायला अख्खा रविवार जायचा. चष्मा काढला की मुलाला आईचा चेहरा हातभरावरूनही नीट दिसायचा नाही. आंघोळीला जाताना तो मोरीच्या दारापर्यंत चष्मा लावूनच जायचा.

परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला त्या संध्याकाळी काका त्याला म्हणाले होते, "एवढ्या जाड काचा करून दिल्या, तरी तुला पुढचं काही दिसत नाही." जेवण वाढणारी बायको हातातला डाव घेऊन तशीच थांबली. दुसऱ्या दिवशी मुलगा "चार दिवस फिरून येतो" म्हणाला आणि गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला. मेहुणा जाऊन त्याला घेऊन आला, आणि त्याच्या वस्तूंचं एक पाकीटही. पाकिटात चष्मा होता. काड्या नीट मिटलेल्या, काचेवर ओरखडा नाही. खोलीतल्या टेबलावर सापडला म्हणे.

लोकांना त्यांनी सांगितलं, पाय घसरला. पण चष्मेवाल्याच्या घरात चष्म्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. मायनस सातचा माणूस चष्म्याशिवाय समुद्रावर जात नाही. गेला, तर परतीची वाट बघायची नाही असं ठरवूनच जातो. हे काकाच बायकोला म्हणाले होते, एकदाच. ती त्यावर रडली नाही. मुलाचे कपडे तिने त्याच आठवड्यात बांधून माळ्यावर टाकले. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची, मुलाबद्दल तेवढंही नाही. गेल्या महिन्यात मात्र ती ताट सरकवून म्हणाली, "तुम्ही एकदा बघून तरी या, तिथे काय झालं ते."

खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीत समुद्राची पट्टी. बाई दारातच उभी राहिली.

"त्याने चष्मा इथे ठेवला होता का?" काकांनी टेबलावर बोट टेकवलं.

"हो."

"तुम्हाला काही बोलला होता? घरचं, माझ्याबद्दल?"

"बोलला होता." तिने पदर मुठीत धरला. "काका, चष्मा मीच ठेवायला लावला त्याला."

काका वळले.

"आधी सगळे समुद्रात आंघोळ करतात, मग देवळात जातात. महिन्याला पाच-सहा चष्मे लाटेत जातात. मग चाचपडत येतात माझ्याकडे. म्हणून मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, चष्मा खोलीत ठेवा. तो म्हणाला, मावशी, मला त्याच्याशिवाय शष्प दिसत नाही. पण हरवला तर बाबांचा अख्खा रविवार जाईल, ते स्वतः घासतात, ठेवतोच. मी म्हटलं, कठड्याला धरून उतर, पुढे माणसांच्या आवाजाने जा. तर हसत म्हणाला, अर्ध्या तासात येतो, चहा टाकून ठेवा."

"मग?"

"त्या दिवशी डाव्या बाजूला पाण्याला ओढ होती. लाल पाटी लावली होती, हत्तीएवढ्या अक्षरांची. सगळे उजवीकडे गेले. ह्याला ती वाचता येणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. पोलिसांनी विचारलं, चष्मा का ठेवला. मी म्हटलं, माहीत नाही. नोकरी जाईल म्हणून भ्याले."

काका खाटेवर बसले. वीस पावलांवरची लाल पाटी मायनस सातला कशी दिसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. लाल डाग. त्यात पांढरं काहीतरी कालवलेलं. पाटी, छत्री, कुणाची साडी, काहीही असू शकतं. त्यांना बाईवर चिडायचं होतं. पण पाण्यात चष्मा घालून जाऊ नका, हे तेही गेली चौतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते.

"चहा टाकला होतात?" त्यांनी विचारलं.

"दोनदा गरम केला," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून खाली गेली.

त्यांनी घरी फोन लावला.

"पोचलात?" बायकोने विचारलं.

"अगं, तो परत येणार होता." मग त्यांनी एकेक करत सगळं सांगितलं. कठडा, पाटी, चहा. आपला रविवार जाईल म्हणून त्याने चष्मा काढला, हे सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.



"म्हणजे रागावून नव्हता गेला?"

"नाही."

"दोन वर्षं मी रुसून बसले त्याच्यावर. आईला मनातलं न सांगता गेला म्हणून. फोटोसुद्धा लावू दिला नाही तुम्हाला."

"मीच तसं म्हणालो होतो ना तुला."

तेव्हा ती रडायला लागली. इतकं मोठ्याने, की काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि लगेच पुन्हा घट्ट लावला. ते नुसते ऐकत राहिले.

"उद्याच्या गाडीने येतो," शेवटी ते म्हणाले.

"उद्या नको," ती म्हणाली. "आजच निघा. मला एकटीला नाही झेपायचं हे."