इलेक्ट्रिक गाडीने अकोला, आणि जठारपेठेत गेलेली लाईन

एप्रिलात अकोल्याला जाणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. पण मामींना फुप्फुसांच्या दुखण्यामुळे दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर राहावं लागतं, त्यांना भेटून महिना झाला होता, आणि मामांचा रोज फोन, "सोलर पाहाले कवा येतं?" शिवाय आमची नवी इलेक्ट्रिक गाडी अजून बडनेऱ्यापलीकडे गेलेली नव्हती. रविवारी सकाळी मी आणि बायको सुनीता राजापेठेतून निघालो. गाडी पूर्ण चार्ज, पोटं रिकामी.

रस्ता चौपदरी, अंतर शंभरेक किलोमीटर. एसी लावला की गाडीचे किलोमीटर भराभर कमी होतात, म्हणून मूर्तिजापूरजवळ एका धाब्यावर थांबलो. तर्री पोहे झकास. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. चार्जरही होता. फक्त लाईन गेलेली, वीजच नव्हती.

"केव्हा येईल हो?" मी मालकाला विचारलं.

"आली का येईन. सकायपासून नाई. तुमी पोहे घ्या न अजून."

घेतले. पुढे सुनीताने एसी बंद करायला लावला आणि आम्ही घामाघूम होऊन जठारपेठेत पोचलो.

"जयभीम, या या!" मामा फाटकातच उभे. निवृत्त मास्तर ते. त्यांच्याकडे पाहुण्याला आधी पाणी मिळायचं, आता आधी गच्ची. भर उन्हात वर नेऊन त्यांनी पॅनेल दाखवले, मग आज किती युनिट बनली ते मोबाइलवर.

"बिल नाईच्या बरोबर! इन्व्हर्टर देऊन टाकला शेजारच्या वानखडे बाईले. म्हटलं, बस आता बॅटरीत पाणी टाकत."

खाली आलो, वांग्याच्या भाजीची ताटं वाढली आणि लाईन गेली. मामींच्या मशीनने लांब शिटी मारली.

"जाऊ द्या न, आपल्याकडं सोलर हाये," म्हणत मामांनी घास घेतला. दोन घास झाले. पंखा काही फिरेना.

तेव्हा मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. साध्या, बॅटरी नसलेल्या सोलरचं असंच असतं. बाहेरची लाईन गेली की तेही आपोआप बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसायचा. घेणाऱ्यांनो, हे आधी विचारून घ्या. बसवणाऱ्यांनी मामांना सांगितलं असणारच, पण ते तेव्हा बहुधा युनिटं मोजत असावेत. बाहेर आग ओकणारं ऊन आणि घरात मशीनपुरतीही वीज नाही.

जपून ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडला. काटा तळाला. मामींचा श्वास वर वर येऊ लागला. मामा ओलं फडकं घेऊन पॅनेल पुसायला गच्चीकडे धावले, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

"मामा, खाली या! वानखडे बाईंना सांगा!"

मामा जिन्यातच थबकले. "मी कोन्या तोंडानं जाऊ?"

तोवर सुनीता कंपाउंडच्या भिंतीशी पोचली होती. वानखडे बाईंनी काही विचारलं नाही. आपला पंखा, टीव्ही बंद केला आणि खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड काढून तार भिंतीवरून आमच्याकडे टाकली. मशीन सुरू झालं.

"मास्तर," पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "बॅटरीत पाणी कालच टाकलं बरं मी."

मामांनी हातातलं ओलं फडकं खिशात कोंबलं. लाईन चारला आली. गाडी पुरेशी चार्ज करून आम्ही अंधार पडायच्या आत निघालो.

आठवडा झाला. बॅटरी कोणती घ्यावी हे विचारायला मामा आता रोज फोन करतात. सोलर मीही लावणार आहे. उन्हाची आपल्याकडे काय कमी! पण मशीन बंद होतं ती वीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत. काल फोन मामींनी उचलला. भिंतीवरची तार त्यांनी अजून काढू दिलेली नाही म्हणे.

"मामी, त्या दिवशी लई भीती वाटली का?"

मशीनच्या आवाजाआडून मामी म्हणाल्या,

"तू इतका भेला होता बापू, का मले भ्याले जागाच नाई राहिली."