पाटाखालचा डबा

जयेंद्रगंजातल्या महिपतरावांकडे लांबलांबून फोटो येत. जुन्या रेडिओमेकॅनिकांचे बॉक्स पाने, म्हणजे रेडिओतले बारीक नट फिरवायचे नळीच्या तोंडाचे पाने, कुणाच्या तरी आजोबांच्या सामानात सापडत. ते कुठल्या कारखान्याचे, हे लोक महिपतरावांना विचारत. मुठीवरच्या रेघा आणि तोंडाची घडण बघून ते नाव सांगत. बहुधा बरोबर.

स्वतःच्या डब्याचं मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. डबा वडिलांचा, त्यातल्या पान्यांवर घर चाललेलं. विलायती असावा, असा त्यांचा अंदाज होता. दर खंडेनवमीला घराण्याच्या तलवारीबरोबर त्याची पूजा व्हायची, पण तलवार पाटावर आणि डबा खाली जमिनीवर. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले थोरले बंधू दौलतसिंह यांचा नियम होता, "ज्याचं कूळ माहीत, तेच पाटावर." वडिलांचा डबा जमिनीवर, हे महिपतरावांना दरवर्षी खुपायचं. कूळ झाकणावर छापलेलं असणार. पण नेमक्या त्याच जागी तूप-कुंकवाचा टिळा लागून लागून लाखेसारखी खपली धरली होती, आणि पूजेचं कुंकू खरवडायचं नाही, हाही दौलतसिंहांचाच नियम.

यंदा वहिनींनी, शांताताईंनी, पूजेच्या भांड्यांबरोबर डबाही चिंचेनं घासून टाकला.

"वहिनी, काय केलंत हे!" असं म्हणत महिपतरावांनी आधी चष्मा शोधला.

झाकणावर अक्षरं उमटली होती. श्रीधर टूल वर्क्स, मुरार. हे नाव महिपतरावांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"विलायती ना रे?" दौलतसिंह म्हणाले. "हा तर मुरारचा, इथून टेम्पोत बसून जावं एवढ्यावरचा निघाला."

"कूळ कळलं ना, दादा?"

"कळलं. पण तलवारीशेजारी? ती दख्खनेतून इकडे उत्तरेत पूर्वजांच्या कमरेला आलीय. आपल्याच लोहाराच्या हातची."

"भाऊजी, तलवारही घासलीय मी," शांताताई आतून म्हणाल्या. "तिच्यावरही काहीबाही लिहिलंय. तेवढं वाचा."

महिपतराव मुठीपाशी वाकले. सवयीनं आधी बोट फिरवलं, मग वाचलं.

"जर्मनी. खाली कारखान्याचं नावही आहे, दादा. सांगू?"

"काही गरज नाही."

दौलतसिंहांनी तलवार पाटावर जराशी उजवीकडे सरकवली.

"ठेव तो डबा इथं. आणि कुंकू यंदा मीच लावतो. दोन्हींना. जाड."